स्टेशनबाहेरची मावशी, तिचं गाठोडं आणि पोलिसांची यादी

झेरॉक्सवाला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०.५२

मंडळी, जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

कोल्हापूर स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोरच्या फूटपाथवर बंद पानपट्टीच्या आडोशाला एक बाई दिवाळीपासून बसते. वय सांगता येत नाही, चाळीसही असेल, साठही. भर उन्हाळ्यात अंगात दोन स्वेटर, केसांच्या जटा झालेल्या. जवळ जुन्या चादरीचं एक गाठोडं. झोपली की उशाला, बसली की मांडीवर. त्यात काय आहे ते आजवर कुणी बघितलेलं नाही. कुणाला त्रास नाही तिचा. कधीतरी हवेत हातवारे करून कुणाशी तरी कडाकडा भांडते, मग तासभर गप्प. आम्ही तिला मावशी म्हणतो. सकाळी शेजारच्या गाड्यावरचा वडापाव, माझ्याकडचा चहा, असं चाललेलं.

पंधरा दिवसांमागं बघितलं तर डाव्या पायाला कॅरीबॅग बांधलेली आणि भोवती माशा. वास यायला लागलेला. ११२ ला फोन लावला. गाडी आली, खोटं कशाला बोलू, लवकर आली. दोघे कॉन्स्टेबल, पोरं चांगली होती. "मावशी, चला दवाखान्यात" म्हणून समजावलं. ती उठायलासुद्धा लागली होती. तेवढ्यात एकानं ते गाठोडं घाण आहे म्हणून उचलून बाजूला भिरकावलं आणि सगळं बिनसलं. असा टाहो फोडला की रिक्षा थांबल्या. चावली, ओरबाडलं. शेवटी चौघांनी धरून गाडीत घातली. गाठोडं मी मागनं आत टाकलं.

मी स्कूटरवरनं मागोमाग गेलो. एक सरकारी दवाखाना, नाव घेत नाही. तिथं प्रश्न सुरू. नातेवाईक कोण? नाव काय? यादी, म्हणजे पोलिसांचं दवाखान्याला द्यायचं पत्र, कुठाय? पोलीस म्हणाले, यादी देतो, पेशंट ताब्यात घ्या. डॉक्टर म्हणाले, पायाचं ड्रेसिंग करतो, पण मानसिकचा वॉर्ड आमच्याकडं नाही, कोर्टाची ऑर्डर काढा आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्या. पोलीस म्हणाले, रत्नागिरीला जायचं तर गाडी पाहिजे, महिला कर्मचारी पाहिजे, वरनं परवानगी पाहिजे. ड्रेसिंग झालं. पहाटे दुधाच्या गाड्या येतात तेव्हा मी दुकान उघडायला आलो, तर मावशी जाग्यावर हजर. त्या पायानं चालत आली असणार.

पोलिसांवर राग काढावा तर ते आले होते. डॉक्टरवर काढावा तर त्यानं हात लावून जखम धुतली होती. कॅज्युअल्टीबाहेरच्या त्या दहा फुटांच्या व्हरांड्यात माणूस कुणाचंच राहत नाही. ह्यात काही करता येतं का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

तांबडा_पांढरा | रात्री ११.०५

भावा फोटो टाक की. एका रात्रीत व्हायरल करतो. नातेवाईक धावत येतील.

काळा_कोट | रात्री ११.२०

कृपा करून फोटो टाकू नका. बाई उद्या बरी होऊन घरी गेली तरी तो फोटो गावभर फिरत राहील. कायद्याचं सकाळी सविस्तर लिहितो, आत्ता कोर्टाचे कागद बघत बसलोय.

खाकीतला_एक | मंगळवार, पहाटे ४.१५

नाइटला आहे म्हणून वाचायला मिळालं. ठाणं सांगत नाही.

गाठोडं फेकणाऱ्याची बाजू घेत नाही, पण आमचं पण ऐका. ट्रेनिंगमध्ये जमाव कसा पांगवायचा, आरोपी कसा धरायचा, सगळं शिकवलं. घाबरलेल्या, कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे कुणी शिकवलं नाही. आम्ही आमच्या पद्धतीनं जातो, म्हणजे दोन मिनिटं समजावणं आणि मग उचलणं. कारण तवर वायरलेसवर दुसरा कॉल आलेला असतो.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूर हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे. इथनं पुढं रूळच नाहीत. हरिप्रिया तिरुपतीहून येते, दीक्षाभूमी धनबादहून. घरातनं बाहेर पडलेलं, डोकं ठिकाणावर नसलेलं माणूस कुठंतरी गाडीत चढतं आणि गाडी रिकामी झाली की इथं उतरवलं जातं. लोहमार्ग पोलीस म्हणतात फाटकाबाहेर गेला, आता शहर पोलिसांचा. त्याची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्याला येत नाही.

खरी भीती सांगू? दवाखान्यातनं पळाला आणि गाडीखाली आला, तर चौकशी आमची. म्हणून प्रत्येक जण पेशंट दुसऱ्याच्या सहीवर ढकलायला बघतो.

शिवाजी_पेठेतला | सकाळी ८.३०

सगळं मान्य. पण रात्री शेजारच्या गावच्या गाड्या येऊन असली माणसं आपल्या हद्दीत सोडून जातात, हे कुणी बोलणार आहे का? आपण किती जणांचं करायचं? गावात आधीच काय कमी आहे काय?

झेरॉक्सवाला | सकाळी ८.४१

@शिवाजी_पेठेतला दादा, सोडतही असतील. मावशीला कुणी सोडलं मला ठाऊक नाही. पण पाय इथंच सडतोय नव्हं.

काळा_कोट | सकाळी ९.५०

धागाकर्त्याला त्या रात्री "कोर्टाची ऑर्डर आणा" असं सांगितलं गेलं, त्याचं मूळ जुन्या कायद्यात आहे. १९८७ च्या कायद्यात पोलिसांनी असा माणूस ताब्यात घेतला की २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करायचा, मग मनोरुग्णालयात पाठवायचा हुकूम निघायचा. आमचे जुने कारकून अजून 'रिसेप्शन ऑर्डर' असंच म्हणतात.

तो कायदा गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावावं असं आहे. ठाण्याच्या हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असं मानायला जागा असेल, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रभारीचं कर्तव्य आहे. कायद्याचा शब्द 'संरक्षण' आहे, अटक नव्हे. का नेतोय हे तिला सांगायचं. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही कारणानं ठेवायचं नाही. व्यक्ती बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही ठाण्याच्याच अंगावर.

नीट बघा, 'जवळची सरकारी आरोग्य संस्था' म्हटलंय. आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय सीपीआर असो, ग्रामीण रुग्णालय असो. पहिल्या तपासणीसाठी मनोरुग्णालयही लागत नाही आणि मॅजिस्ट्रेटही लागत नाही. तपासणीची व्यवस्था करणं ही त्या संस्थेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तातडीचा प्रसंग असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, फक्त शॉक देता येत नाहीत.

आता 'सही कोण करणार'. दाखल व्हायला पेशंट स्वतः तयार नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीनं उभं राहणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो. बेघर माणसाचा प्रतिनिधी कुठला? त्याचीही सोय कलम १४ मध्ये आहे. कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडून नेमणूक होईपर्यंत मानसिक रुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता उभा राहू शकतो. आणि बेघर रुग्णाला उपचार मोफत, बीपीएलचं कार्ड असो वा नसो.

वकिलाला विचाराल तर कायदा उत्तम आहे. पण कलम १०० पोलिसांच्या हातात आहे आणि ९४ डॉक्टरांच्या. त्या दोघांनी एकाच गाडीत बसावं असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

तांबडा_पांढरा | सकाळी १०.१२

कोट साहेब, फी किती झाली? 😀 फोटोचं मागं घेतो.

कॅज्युअल्टी_सिस्टर | दुपारी ३.०५

एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत. आता घरी आहे, त्यामुळं मोकळेपणानं लिहिते.

रात्री दोन वाजता पोलीस 'अनोळखी' घेऊन येतात. अंगाला वास, जटांत उवा, जखमेत किडे. वॉर्डातले मदतनीस मावशी-मामा लोक नाक मुरडतात, शेजारच्या पेशंटचे नातेवाईक ओरडतात. जखमेत टर्पेंटाईन घालून किडे वर आले की एकेक चिमट्यानं काढत बसायचं, अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात अपघाताच्या दोन केस येतात. अनोळखी स्ट्रेचरवरनं उतरून निघून जातो आणि खरं सांगते, कुणी अडवत नाही. सुटलो असं वाटतं. मलाही वाटलंय.

आमच्याकडनं अजून एक चूक होते. वेडसर दिसतोय म्हणून केसपेपरवर 'मानसिक' लिहून मोकळं व्हायचं. साखर उतरलेला माणूसही बरळतो. डोक्याला मार लागून आत रक्त साकळलेला बरळतो. पिणारा माणूस दोन-तीन दिवस दारू मिळाली नाही की भिंतीवर किडे बघतो, आणि तो मरूही शकतो. म्हणून आधी अंग तपासायचं, मग मन.

आता मावशीचं. झेरॉक्सवाले दादा, तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात कामाची ओळ गाठोड्याची आहे. आमच्याकडं एक आजोबा यायचे, त्यांच्या पिशवीत नुसत्या एसटीच्या तिकिटांच्या चिठ्ठ्या. पिशवी स्टूलवर समोर ठेवली की सुई टोचून घ्यायचे, पिशवी हलवली की बाटली फेकून मारायचे. तेव्हा पुढच्या वेळी गाठोड्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी गाडी न्यायचीच नाही. एकच माणूस, शक्यतो बाई, रोज एकाच वेळी. उभं राहून वरनं बोलायचं नाही, हातभर अंतर ठेवून खाली बसायचं. खाकी दहा पावलं लांब, पण नजरेच्या टप्प्यात. "तुला काय झालंय" विचारायचं नाही. "पाय दुखतो का" विचारायचं, कारण ते तिलाही माहीत आहे. दोन दिवस लागतील, आठही लागतील. मात्र जखमेचा ताप चढला, ती ग्लानीत गेली, तर हे सगळं बाजूला ठेवून १०८ बोलवा.

वडगावकर | दुपारी ३.३०

ताई, एवढा कुटाणा कशाला? चहातनं गोळी द्यायची. गावाकडं सर्रास देतात. झोपली की न्यायची.

कॅज्युअल्टी_सिस्टर | दुपारी ३.४४

अजिबात नाही! रिकाम्या पोटी, रक्त कमी असलेल्या बाईला फूटपाथवर झोपेची गोळी? श्वास अडकला तर? आणि शुद्धीवर आल्यावर ती ह्या दादांचा चहा पुन्हा कधी घेईल का? दिवाळीपासून कमावलेलं एका कपात घालवाल.

टेनेसीतला_कोल्हापुरी | संध्याकाळी ६.५०

इकडचं थोडं लिहितो, कारण मी मेम्फिसलाच राहतो. १९८७ साली इथं हातात चाकू घेतलेल्या एका मानसिक रुग्णाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. शहर संतापलं. त्यातून १९८८ मध्ये पोलीस, विद्यापीठाचे डॉक्टर आणि रुग्णांच्या घरच्यांची संघटना एकत्र बसली आणि चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेले पोलीस तयार झाले. जगभर 'मेम्फिस मॉडेल' म्हणतात ते हेच. त्यातला प्रशिक्षणाचा भाग सगळे सांगतात, पण दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पोलिसांनी आणलेला पेशंट दवाखान्यानं परत पाठवायचा नाही आणि पोलिसांना तासन्‌तास खोळंबून ठेवायचं नाही, असं ठरवून घेतलं गेलं. म्हणजे तुमचा व्हरांडाच.

ओरेगॉनमधल्या युजीनला १९८९ पासून वेगळंच होतं. फोन आला की व्हॅनमध्ये एक वैद्यकीय माणूस आणि एक संकटकाळात समजूत घालणारा, दोघंच जायचे. पोलीस गरज लागली तरच. फार नावाजलेलं काम. पण २०२५ मध्ये पैशाच्या ओढाताणीत युजीनमधली ती सेवा बंद पडली. म्हणजे अमेरिकेत सगळं छान चाललंय असं समजू नका, आमच्या इथं पुलाखाली तंबूच तंबू आहेत.

खाकीतला_एक | रात्री ९.१०

ते 'परत पाठवायचा नाही' हे आमच्याकडं कागदावर आलं ना, तर निम्मं काम झालं. एवढं एक पत्र दोन्ही साहेबांच्या सहीचं पाहिजे. बाकी आम्ही बघतो.

उंबऱ्यावरची | रात्री ११.३८

नेहमी वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ सात वर्षं बेपत्ता होता. स्किझोफ्रेनिया. गोळ्या बंद केल्या आणि एके दिवशी अंगावरच्या बनियनवर निघून गेला. आम्ही ठाण्यात गेलो, मिसिंग नोंदवली, जोतिबाला बोललो, वाडीला पालखीत उभे राहिलो, देवर्षीला पैसे दिले. सगळं केलं. तो दुसऱ्या राज्यात एका स्टेशनवर सापडला. तिथल्या हवालदारानं एका संस्थेला फोन केला, त्यांनी उपचार केले, दोन महिन्यांत त्यानं गावाचं नाव सांगितलं.

भरत वाटवानींचं कर्जतचं काम बऱ्याच जणांना माहीत असेल, २०१८ ला मॅगसेसे मिळालं ते. रस्त्यावरचा माणूस उचलायचा, बरा करायचा आणि त्याच्या घरी नेऊन सोडायचा. नगरला धामणे पती-पत्नींचं 'माऊली' आहे, ते अशाच बायकांना सांभाळतात. आमचा भाऊ ह्यातल्या कुणाकडं नव्हता, पण ही माणसं करतात ते खरोखर होतं, हे मी घरात बघितलंय.

भाऊ आला त्या दिवशी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण सांगायचंय वेगळं. घरी आल्यावर तो सहा महिन्यांत परत गेला असता. महिन्याचं इंजेक्शन चुकलं की रात्री येरझाऱ्या सुरू. आमच्या गावातल्या आशा सेविकेनं तारीख लक्षात ठेवली म्हणून तो आज दूध डेअरीत कामाला जातो. मावशीला कुणी घरी पोचवलं तर तिथल्या आरोग्य केंद्राला तिचे कागद पण पोचवा. घरच्यांना रात्री-अपरात्री विचारायचं असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लागतो.

शिवाजी_पेठेतला | बुधवार, सकाळी ७.५५

@उंबऱ्यावरची ताई, काल जरा जास्तच बोललो. शनिवारी रिकामा आहे, माझी ओम्नी आहे. लागली तर सांगा.

काळा_कोट | सकाळी ९.१५

एक राहिलंच. दवाखान्यातून सुटल्यावर बेघर माणूस कुठं जाणार, ह्यावरही बोला कधीतरी. शहरी बेघर निवाऱ्याचा निकष लाखामागं एक असा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. हिशेब तुम्हीच करा. त्यातही मानसिक रुग्णाला निवाऱ्यात घेताना खळखळ करतात, तो भाग आणि निराळाच.

झेरॉक्सवाला | शनिवार, रात्री ९.३०

अपडेट देतो.

@खाकीतला_एक यांनी व्यक्तिगत निरोपात जो नंबर दिला, त्या ठाण्यातल्या महिला हवालदार आल्या. साध्या साडीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या सोशल वर्कर मॅडम बरोबर होत्या. @कॅज्युअल्टी_सिस्टर स्वतः आल्या, ह्या वयात फूटपाथवर मांडी घालून बसल्या. बुधवारी नुसता चहा. गुरुवारी बिस्किटाचा पुडा. मावशीनं पुडा फोडला आणि एकेक बिस्कीट चादरीवर मांडत मोजायला लागली. "ओकटी, रेंडु, मूडु..." आम्ही सहा महिने ती बडबड ऐकतोय आणि वेड्याचं बोलणं म्हणून सोडून देतोय. मध्येच "इंटिकि, इंटिकि" म्हणते. कन्नड आहे का हे? नंतर पायाचं सिस्टरांनी तिथंच धुतलं. गाठोड्याला कुणी हात लावला नाही.

सोलापुरी_चादर | रात्री ९.४१

अहो तेलुगू आहे ते! एक, दोन, तीन. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात अर्धी गल्ली असंच मोजते. 'इंटिकि' म्हणजे घरी. घरी जायचं म्हणतीये.

खाकीतला_एक | रात्री ९.४६

हरिप्रिया.

सोलापुरी_चादर | रात्री ९.५२

मी राजारामपुरीत असते. उद्या येऊ का? "अम्मा, तिन्नारा?" एवढं विचारलं तरी पुरे. जेवलात का, असा अर्थ.

झेरॉक्सवाला | रविवार, रात्री ८.२०

दाखल झाली.

सोलापूरच्या ताईंनी विचारलं तेव्हा मावशी कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग जे बोलायला लागली ते थांबेनाच. ताई म्हणाल्या, निम्मं तुटक आहे, पण एका गावाचं नाव तीनदा आलं आणि कुणा पोराचं. नावं इथं लिहीत नाही. हवालदार मॅडमनी डायरीत लिहून घेतली, मिसिंगची नोंद झाली, तिकडच्या ठाण्याला निरोप जातोय. आधारच्या ठशांवरनंही शोधणार आहेत. नवीन आधार काढायला गेलं आणि अर्ज 'आधीच आहे' म्हणून परत आला की माग लागतो म्हणे.

ओम्नीत मावशी स्वतः चढली. यादी आधीच तयार होती, आणि दवाखान्यात डॉक्टरांना सोशल वर्कर मॅडमनी दुपारीच फोन करून ठेवलेला. व्हरांड्यात चार मिनिटं गेली. मी घड्याळ लावून बघितली.

फक्त वॉर्डात गाठोडं आत घेईनात, ढेकूण होतील म्हणून. परत टाहो फोडणार म्हणून आम्ही सगळे टरकलो. मावशीनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या हातात दिलं. ताईंना काहीतरी म्हणाली. ताईंनी सांगितलं, "उघडू नको म्हणतीये."

दुकानात वरच्या फळीवर, कागदाच्या रिमांच्या शेजारी ठेवलंय.